व्ही-क्रॉस अपडेट: ‘ठक्’ सापडला, आणि पुढच्या कामांची सगळी यादी बदलली

सापडला! मागच्या पोस्टमध्ये माझ्या पिकअपच्या ज्या ‘ठक्’ आवाजाबद्दल लिहिलं होतं, त्याचं मूळ कळलं. पुढचे शॉक्स बदलले, कॉइल बदलल्या, लिंक रॉड नवे टाकले, तरी डाव्या बाजूचा जो ‘ठक्’ हलायला तयार नव्हता, तो चाकाला चेसीशी जोडणाऱ्या खालच्या आर्मच्या मागच्या बुशमधून (सांध्यातल्या रबरी तुकड्यातून) येत होता. हा बुश गेल्या पावसाळ्याआधीच नवा बसवलेला, त्यामुळे संशयितांच्या यादीत त्याचं नावच नव्हतं.

गाडी तीच, 2017 ची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, रनिंग पावणेतीन लाख किलोमीटरच्या पुढे. मागच्या वेळी बऱ्याच जणांनी स्ट्रटच्या (कॉइल आणि शॉकच्या जोडीच्या) वरच्या माउंटकडे बोट दाखवलं होतं. तो उघडून पाहिला, ठणठणीत निघाला. मग स्टॅबिलायझरचे (वळणात गाडी झुकू न देणाऱ्या दांड्याचे) दोन्ही लिंक काढून ठेवले आणि मेढा रोडला सावकाश फेरी मारली. आवाज जसाच्या तसा, म्हणजे लिंक निर्दोष सुटले. नंतर जॅक चेसीला न लावता खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या (आर्म चाकाकडे जिथे जोडला जातो त्या गोळीच्या सांध्याच्या) जितकं जवळ जाता येईल तितका लावला. असं केलं की खालच्या बॉल जॉइंटवरचा भार उतरतो आणि प्ले (ढिलेपणा) असेल तर तो लपत नाही. टायरखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून उचलून पाहिलं, वर-खाली धरून हलवलं, डावीकडे-उजवीकडे हलवलं. बॉल जॉइंट घट्ट, टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा सांधा) घट्ट, बेअरिंगही ठीक.

उलगडा झाला तो सपाट जागेवर. गाडी थोडी पुढे घेऊन ब्रेक, मग रिव्हर्स घेऊन ब्रेक. दोन्ही वेळा एकेक स्वच्छ ‘ठक्’. खड्डा नाही, स्पीडब्रेकर नाही, चाक वर-खाली होतच नाहीये, तरी आवाज! म्हणजे चाक पुढे-मागे सरकतंय, आणि त्याला पुढे-मागे धरून ठेवण्याचं काम आर्मच्या बुशांचं. मित्राला ब्रेकवर बसवलं आणि बाजूने टॉर्च मारून बघितलं, तर आर्मचं मागचं टोक नजरेला दिसेल इतकं सरकत होतं. टॉमी लावल्यावर कळलं की रबराने आतल्या स्लीव्हची (धातूच्या नळीची) साथ पूर्ण सोडली आहे.

आता खरा प्रश्न. जुने कंपनीचे बुश दोन लाखांच्या वर चालले, मग हा नवा एका वर्षात का फाटला? माल हलका असेल हे पहिलं उत्तर, आणि ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं उजव्या बाजूने सांगितलं. तिथला बुश त्याच वेळी, त्याच गॅरेजमध्ये बसवलेला, अजून न फाटलेला. गाडी चारही चाकांवर उभी असताना मी त्याचा बोल्ट सैल केला, तर आतली स्लीव्ह ‘कट्ट’ करून गर्रकन फिरली. म्हणजे इतके दिवस तो बुश पीळ खाऊनच बसला होता. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळला की असं होतं.

ज्यांनी हे काम स्वतः केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण रनिंग जास्त झालेल्या पिकअपचे निम्मे पैसे इथेच वाया जातात. रबरी बुश हा बेअरिंग नव्हे. बाहेरची स्लीव्ह आर्ममध्ये दाबून बसते, आतली स्लीव्ह बोल्ट आवळला की ब्रॅकेटमध्ये जखडली जाते. दोन्हींच्या मध्ये चिकटवलेलं रबर असतं, आणि आर्म हलतो तो फक्त त्या रबराच्या पिळावर. बोल्ट ज्या स्थितीत आवळाल ती त्या रबराची विश्रांतीची स्थिती. ती लोंबकळती ठेवली तर गाडी जमिनीवर उभी राहिल्या क्षणापासून रबर ताणात, आणि खड्डा आला की त्या ताणात आणखी भर.

म्हणून या वेळी आधी सपाट फरशीवर गाडी उभी करून हब सेंटरपासून (चाकाच्या मध्यापासून) मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप घेतलं आणि मार्करने मडगार्डवरच लिहून ठेवलं. बुश बसवल्यावर बोल्ट फक्त हाताने लावले, आर्मखाली जॅक घेऊन तेच माप येईपर्यंत उचललं आणि मगच टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) लावला. रेंच क्लिक झाल्यावर गाडी खाली घेऊन पुन्हा पुढे-ब्रेक, रिव्हर्स-ब्रेक केलं. काहीही नाही, फक्त इंजिनचा आवाज. अलाइनमेंट करून (आर्म हलवला की ती करावीच लागते) केळघर घाटातून महाबळेश्वरपर्यंत जाऊन आलो. वळणात ब्रेक दाबला की स्टिअरिंग जे डावीकडे ओढायचं, तेही गेलं. ती ओढ मी टायरच्या खात्यात टाकली होती!

माल कोणता घेतला? तीन पर्याय होते: अख्खा ओरिजिनल आर्म, थायलंडहून येणारा आफ्टरमार्केट (दुसऱ्या कंपनीचा) आर्म, किंवा माझ्याच आर्ममध्ये ओरिजिनल बुश. तिसरा घेतला. जुना फोर्ज्ड किंवा प्रेस केलेला आर्म वाकलेला नसेल आणि बुशचं घर गोल असेल तर तो फेकण्यात अर्थ नाही. पण बुश हायड्रॉलिक प्रेसवरच बसवून घ्या. हातोडा मारला की घर लंबगोल होतं आणि मग कितीही भारी बुश त्यात फिरतो. बसवताना साबणाचं पाणी चालतं. ऑइल किंवा साधं ग्रीस रबराला खातं. आणि ज्या बुशच्या रबरात पोकळ्या असतात, त्यांची दिशा काढतानाच आर्मवर खूण करून ठेवा.

बॉल जॉइंटला सध्या हात लावलेला नाही, पण लागला तर जपानच्या सँकेई कंपनीचा 555 ब्रँडचा घेणार, तोही बिल देणाऱ्याकडूनच. 555 च्या नावाने डुप्लिकेट बॉक्स इतके फिरतात की स्वस्त मिळाला तर मी तो हातातही धरत नाही. बोलेरो-स्कॉर्पिओवाल्यांचं या बाबतीत बरं आहे, राणे आणि गॅब्रिएलचा माल पुण्याच्या नाना पेठेत उभ्या उभ्या मिळतो. व्ही-क्रॉसला डीलर, नाहीतर बँकॉक, नाहीतर ऑस्ट्रेलिया.

माझं मत आता पक्कं झालंय: जुन्या पिकअपवर पहिला पैसा बुश आणि बॉल जॉइंटवर, शॉक्सवर नंतर. मी बसवलेले ओल्ड मॅन इमूचे शॉक्स उत्तम आहेत, मी समाधानी आहे. पण सैल आर्मवर बिल्स्टीन लावा नाहीतर इमू, तो शॉक डॅम्पिंग करणार (हेलकावे शमवणार) कशाचं?

हे लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली. इमूच्या कॉइलने पुढची उंची साधारण दीड इंच वाढली. तेव्हा वरच्या आर्मचे बोल्ट सैल करून नव्या उंचीवर पुन्हा आवळले गेले का? त्या कामाच्या बिलात तसा उल्लेख नाही. म्हणजे वरचे बुशही पिळात असणार. आफ्टरमार्केट अप्पर आर्म मागवायचा विचार होता, तो थांबवतोय. आधी हे बोल्ट सैल करून नीट आवळतो, मग वरच्या बॉल जॉइंटचा कोन बघतो. कोन मर्यादेत असेल तर तो खर्च वाचला.

रबराऐवजी पॉलीयुरेथेनचे बुश घालायचे का, तेही ठरलं. सुपरप्रोचे बुश पुढे घालणार होतो. त्यांची आतली स्लीव्ह मोकळी फिरते, त्यामुळे पिळाचा प्रश्नच येत नाही, हा मोठा फायदा. पण त्यांना ठरावीक ग्रीस लागतं, आणि आपल्याकडच्या पावसात चिखल आत शिरला की ते करकरतात. पुढे रबरच ठेवतो. मागच्या शॅकलला (पाट्याचं टोक चेसीला टांगणाऱ्या कडीला) मात्र पॉली घालणार, तिथे उघडून ग्रीस भरणं सोपं आहे.

मागचे पाटे (पाट्यांची स्प्रिंग): जादा पाटा घालायचं रद्द. साखर कारखान्याबाहेरच्या वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवली, मग अख्खी गाडी. कॅनॉपी (मागच्या हौद्यावरचं छत) आणि हत्यारं धरूनही मागचा कायमचा भार मी समजत होतो त्याच्या बराच खाली निघाला. एवढ्या भाराला हेवी ड्यूटी सेट घातला तर रिकाम्या गाडीचं मागचं टोक नुसतं उडत राहील. आहेत ते पाटे ठोकून चढवून (पुन्हा वक्र करून) द्यायला हायवेवरचा पाटेवाला तयार आहे, पण हीट ट्रीटमेंटशिवाय चढवलेला पाटा पुन्हा खाली बसतोच. त्यामुळे मध्यम भाराचा नवा सेट, सोबत नवे यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे) आणि नवे सेंटर बोल्ट. जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, ते परत वापरायचे नाहीत, आणि नवेही हजारेक किलोमीटरच्या आत पुन्हा टॉर्क करायचे.

शॅकलचे बुश मागवलेत. दरम्यान कोणी लिफ्ट केलेल्या (उंची वाढवलेल्या) व्ही-क्रॉसचे वरच्या आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर असताना सैल करून बघितले, तर स्लीव्ह फिरली की नाही ते कळवा.