साडेअकरा वाजता तिकडं, सात वाजता इकडं

जर्मनीत हॅनोव्हरला येऊन मला नऊ वर्षं झाली. परदेशाबद्दल लिहायचं म्हणजे बर्फ, पाव आणि वेळेवर येणाऱ्या गाड्या. आज त्यातलं काही नाही.

जुलैत दुपारी घरून फोन आला. दादाचा धाकटा, माझा अकरा वर्षांचा भाचा, शाळेतून येताना रस्त्यावर अपघातात गेला. ऑफिसात रजा मागितली तर नियमात आई-वडील, नवरा, मुलं, भावंडं. भाचा कुठंच नाही. बिनपगारी घेतली. मुंबईहून रात्रीची बस धरली. कर्नाटकाच्या हद्दीवरचं कोगनोळी ओलांडल्यावर पाट्या कानडी झाल्या की एरवी मला घरी आल्यासारखं वाटतं. त्या पहाटे मी पडदा ओढून घेतला.

वडगावातलं आमचं घर. दादा पखवाज वाजवतो, वहिनी भजनात गाते. पोरगा कणीक मळायचा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय खर्ज निघत नाही, आणि वाजवून झालं की ती लगेच खरवडून काढायची, नाहीतर कातडं खराब होतं. काढलेली कणीक तो परसात चिमण्यांना टाकायचा. मी पोचले तेव्हा पखवाज कोपऱ्यात होता आणि आदल्या रियाजाची कणीक तशीच, वाळून भेगाळलेली. मी ओलं फडकं घेऊन बसले. वहिनी म्हणाली, "राहू दे वन्सं."

चूल पेटत नव्हती. गल्लीतून पाळीपाळीनं भाकरी-पिठलं येत होतं. समोरची कानडी अज्जी रोज संध्याकाळी उंबऱ्यात बसायची, वहिनीला एवढंच विचारायची, "ऊटा आतेनव्वा?" जेवलीस का. दुसरं काही नाही. मला वाटतं त्या दहा दिवसांत तेवढंच एक कामाचं बोलणं झालं.

बाकीचे दादाशी बोलायचे. मंडळातले सगळे त्याच्या हाताची काळजी करत होते. कधी वाजवणार, एकादशीला येणार का, की त्रास नको म्हणून दुसरा बघू? मीही तेच विचारलं, कबूल करते. एक म्हातारे बुवा समजावणीच्या सुरात म्हणाले, "कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर बघ. किती पोरं लहानपणीच गेली त्यांची. 1921 साली झालेला दत्तात्रय तेवढा हाती लागला. पण गाणं सोडलं काय त्यांनी?"

आतून, भाकरीच्या टोपलीपाशी बसलेली वहिनी म्हणाली, "आणि त्यांच्या बायकोनं काय केलं हो?"

बुवा गप्प. दादा गप्प. कुणाला ठाऊक नव्हतं. वहिनीच्या गळ्याचं कुणी विचारलंच नव्हतं, आणि दादापेक्षा जास्त वर्षं ती गात आली आहे.

परत आले तर दारात काळ्या किनारीचं कार्ड होतं. शेजारच्या बाईंनी हातानं लिहिलेलं, दोन ओळी, खाली सही. आत आल्या नाहीत, काही विचारलं नाही. इथली माणसं कोरडी, असं आपण म्हणतो, मीही म्हणायची. नंतर त्यांनीच सांगितलं, मूल गेलेल्या आई-बापांना इथं 'पोरके आई-बाप' म्हणतात, त्यांचे गट गावोगाव भरतात. आणि डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सात वाजता अशी घरं खिडकीत मेणबत्ती लावतात, जगभर, ज्याच्या त्याच्या घड्याळाप्रमाणे.

गटाचं मी वहिनीला सांगितलं. "अनोळखी माणसांपुढं काय बोलायचं गे," म्हणाली. मेणबत्तीचं मात्र तिनं लक्षात ठेवलं. त्या रविवारी माझ्या सातला तिकडं साडेअकरा. तिचा व्हिडिओ कॉल आला. अंगावर शाल, आवाज दबका, दादा झोपलेला.

"लावलीस काय? जरा इकडं वळव, दिसत नाही."

वळवली.

"आणि मग काय म्हणतात?"

"काही नाही. नुसती लावतात."

"नुसती? असं कसं?"

मग तिनंच सुरू केलं. पेटीच्या काळी दोन पट्टीच्याही खाली, जवळजवळ बोलल्यासारखं. जुलैनंतर मी तिचा गाता आवाज पहिल्यांदा ऐकत होते. एक कडवं झालं आणि ती थांबली.

"पुढचं त्याला पाठ होतं," म्हणाली.

तिकडं बारा वाजून गेले. मेणबत्ती निम्मी झाली, तरी तिनं फोन ठेवला नाही.