रवी, लोणी आणि माझी कॉफी

आमच्या घरात कॉफी म्हणजे आईची. म्हशीचं दूध, दोन चमचे साखर, वर किसलेलं जायफळ. गेल्या जूनमध्ये भाचा साताऱ्याला मुक्कामाला आला आणि सकाळी बघतो तर हा काळ्या कॉफीत चमच्याने तूप घालतोय. "मामा, यावर दुपारपर्यंत भूक लागत नाही." माझं वजन तेव्हा ८६ किलो. भूक न लागण्यासाठी मी काहीही प्यायलो असतो.

नुसतं तूप घातलं की वर तवंग येतो. आमटीवर तो शोभतो, कॉफीवर नाही. म्हणून गरम कॉफी मिक्सरमध्ये फिरवली, तर वाफेने झाकण उडालं आणि कॉफी ओट्यापासून कालनिर्णयपर्यंत. दुसऱ्या दिवशी आईची ताकाची रवी काढली. ती म्हणाली, "जन्मभर मी रवीने ताकातून लोणी काढलं, तू आता ते कॉफीत घालायला निघालास." गंमत म्हणजे तूप सोडून तिचंच लोणी घेतल्यावर ते छान मिसळलं, वर फेससुद्धा आला. लोण्यात दुधातली प्रथिनं थोडी उरलेली असतात, ती स्निग्धांश धरून ठेवतात. तूप कढवताना त्यांची बेरी होते आणि आपण ती गाळून टाकतो.

हा प्रकार अमेरिकेतल्या डेव्ह ॲस्प्री या उद्योजकाने 'बुलेटप्रूफ' नावाने गाजवला. तिबेटात याकच्या लोण्याचा चहा प्यायल्यावर त्याला तो सुचला. पण तिथे त्या खारट चहात भाजलेल्या जवाचं पीठ कालवून खातात, आणि खाऊन डोंगर चढतात. मी पिऊन खुर्चीत बसत होतो.

फायदा झाला, खोटं कशाला बोलू? अकराचा वडापाव सुटला. स्निग्ध पदार्थ पोटातून सावकाश पुढे सरकतात, त्यामुळे एकपर्यंत पोट गप्प. दोन वेळच्या कॉफीतली चार चमचे साखर गेली. मग भाच्याने एमसीटी तेलाची, म्हणजे बहुधा नारळाच्या तेलापासून वेगळ्या काढलेल्या तेलाची, बाटली आणली. हे तेल पचून थेट यकृतात जातं आणि तिथे लगेच ऊर्जेसाठी वापरलं जातं. एक चमचा ठीक. दोन घेतले त्या दिवशी मी ऑफिसात नेमका कुठे बसून होतो ते विचारू नका.

तीन महिन्यांनी वजन ८५. एक किलो! दिवसभराची वाचलेली भूक मी रात्री जेवताना वसूल करत होतो. आणि रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११२ वरून १४९.

डॉक्टरीणबाईंनी आधी हिशेब मांडला. दोन मोठे चमचे लोणी म्हणजे सुमारे २०० कॅलरी आणि १४ ग्रॅम संपृक्त चरबी. २००० कॅलरींच्या आहारात दिवसाला २२ ग्रॅमच्या आत राहा म्हणतात. म्हणजे निम्म्याहून जास्त कोटा आंघोळीआधीच संपलेला. त्यात प्रथिनं जवळजवळ शून्य, चोथा शून्य. मी त्या कॉफीला पेय समजत होतो. होता तो नाश्ता, तोही अर्धवट.

मग त्यांनी विचारलं, "कॉफी गाळता कशाने?" मी म्हटलं, उकळतो आणि चहाच्या गाळणीने गाळतो. तर कॉफीच्या बियांतही कॅफेस्टॉल नावाचा तेलकट पदार्थ असतो, तो एलडीएल वाढवतो. कागदी फिल्टरमध्ये तो बहुतेक अडकतो, गाळणीतून सरळ कपात येतो. इन्स्टंटमध्ये जवळपास नसतोच. म्हणजे आमच्या घरच्या जायफळवाल्या इन्स्टंट कॉफीत हा दोष तरी नव्हता.

मी लोणीही सोडलं आणि उकळलेली कॉफीही. पुढच्या तपासणीत ११८. दोन्ही एकदम सोडल्यामुळे खरा चोर कोणता ते कळलं नाही. भाच्याचा रिपोर्ट मात्र लोणी पिऊनही जसाच्या तसा. प्रत्येकाचं कोलेस्टेरॉल सारखं चढत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला ते जरा अन्यायकारक वाटलं.

हल्ली सकाळी दोन उकडलेली अंडी आणि जायफळाची कॉफी, साखर अर्धा चमचा. लोणी रविवारी भाकरीवर, मोजून. आईने रवी धुतली, उन्हात वाळवली आणि कुठेतरी ठेवून दिली. कुठे, ते मला सांगत नाही.