लिव्हरपूलला जाऊन घोड्याचं थडगं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मुलीकडे इंग्लंडला गेलो, लिव्हरपूलपर्यंत पोचलो आणि बीटल्सची घरं सोडून एंट्री (Aintree) नावाच्या ठिकाणच्या रेसकोर्सवर रेड रम या शर्यतीच्या घोड्याचं थडगं बघून आलो. ज्याला सांगावं तो हेच विचारतो, ‘काय ठेवलंय त्या घोड्यात?’

पाय. दुखरे पाय.

त्याच्या खुरातल्या हाडाला सूज होती. प्रशिक्षक जिंजर मॅकेन यांनी 1972 साली ऐंशी ओलांडलेल्या एका मालकासाठी तो 6,000 गिनींना घेतला. मॅकेन टॅक्सी चालवलेला माणूस. साउथपोर्टला जुन्या गाड्या विकायचे, शोरूमच्या मागेच तबेला. पहिल्याच सकाळी किनाऱ्यावर घोडा लंगडला, तेव्हा त्याला समुद्रात घातला. बाहेर आला तो नीट चालत. मग रोजचा सराव त्याच वाळूत, त्याच पाण्यात. माझी आजी मुरगळलेला पाय मिठाच्या पाण्यात बुडवायला लावायची, आम्ही हसायचो.

ग्रँड नॅशनल म्हणजे एंट्रीचीच अडथळ्यांची शर्यत: सुमारे सात किलोमीटरचा पल्ला आणि 30 उड्या. 1973 साली क्रिस्प नावाचा घोडा रेड रमपेक्षा 10 किलो जास्त वजन घेऊन (चांगल्या घोड्यावर मुद्दाम जास्त वजन देतात) कितीतरी पुढे होता. रेड रमने त्याला अगदी शेवटी गाठलं, पाऊण लेंग्थने, म्हणजे घोड्याच्या पाऊण लांबीने. खरं सांगू? ती शर्यत बघताना माझा जीव क्रिस्पमध्येच अडकतो. पण पुढच्या वर्षी सगळ्यात जास्त वजन रेड रमच्या पाठीवर होतं, तरी हाच जिंकला. नंतर दोनदा दुसरा. आणि 1977 साली, बाराव्या वर्षी, तब्बल 25 लेंग्थनी पहिला. तीन वेळा ही शर्यत जिंकणारा दुसरा घोडा नाही.

1978 च्या शर्यतीच्या आदल्या दिवशी हाडाला बारीक तडा सापडला आणि कारकीर्द संपली. निवृत्ती मात्र एखाद्या पुढाऱ्यासारखी: दुकानांची उद्घाटनं, दरवर्षी एंट्रीला संचलनात सर्वांत पुढे. सगळ्यांच्या नशिबी हे नसतं. याच शर्यतीत घोडे मेलेत. 2024 पासून 40 ऐवजी 34 च धावतात. तेही मला जास्तच वाटतात.

18 ऑक्टोबर 1995 ला तो गेला, तीस वर्षांचा होऊन. शर्यत जिथे संपते त्या विनिंग पोस्टपाशीच पुरलाय. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो.

‘बाबा, आता बीटल्स?’ मुलगी म्हणाली.

‘आधी साउथपोर्ट,’ मी म्हटलं. ‘ते पाणी बघायचंय.’