15 ते 8

बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी खंबीर होते. मेडिक्लेमची कागदपत्रं, औषधांच्या वेळा, सगळं निभावलं. ते बरे होऊन साताऱ्याला घरी गेले आणि मग माझी झोप उडाली. रोज पहाटे तीनला जाग यायची. रात्रीची गोळी घेतली असेल ना? बाथरूममध्ये पाय घसरला तर? आई एकटी काय करेल? एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. दिवसा फोन वाजला तरी पोटात गोळा यायचा. "एवढा विचार करू नकोस," असं सगळे मायेनंच सांगत, पण न करायचं कसं ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

एका रात्री 14416 लावला. टेलि-मानसची ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं, समुपदेशकाला भेटायला सुचवलं. मी गेले, आणि जायला हवंच होतं. तिथं ठरलं की संध्याकाळी सहाला वीस मिनिटं वहीत काळज्या लिहायच्या. एरवी एखादी आलीच, तर तिला सहाची वेळ द्यायची. लिहिल्यामुळे बाथरूमची काळजी वेगळी काढता आली. भावानं तिथं धरायला दांडा बसवून घेतला, आणि ती काळजी वहीत परत आली नाही.

पण पहाटेचं काय? समुपदेशक बाईंनी विचारलं, लहानपणी हातानं काय करायला आवडायचं? मी म्हटलं, ठिपक्यांची रांगोळी.

फ्लॅटच्या दाराबाहेर फरशी गुळगुळीत, म्हणून एका जुन्या पाटाला गेरू लावला. सुरुवात 7 ते 4 नं केली. मधली ओळ सातची, मग दोन्हीकडे सहा, पाच, चार. एकूण 37 ठिपके. पुढच्या ओळीतला ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्ये यायला हवा. ठिपक्यांसाठी उदबत्तीनं भोकं पाडलेला कागद आईकडे अजून आहे, तो मी मुद्दाम मागितला नाही. मला मोजायचंच होतं. पहिल्या दिवशी चिमूट थरथरत होती, रेघ कुठे जाड, कुठे तुटलेली. रांगोळी फार बारीक असेल तर बोटांतून गोळे पडतात. थोडी रवाळ घेतल्यावर रेघ सरळ सुटायला लागली.

मन भरकटलं की ते लगेच पाटावर दिसायचं. एक ठिपका जास्त, आणि पुढची जाळीच जुळायची नाही. मग बोटानं तेवढं पुसायचं, परत मोजायचं. मला याचाच सर्वांत जास्त आधार वाटला. चूक झाली तरी तेवढीच पुसता येत होती.

जाग अजूनही येते कधीकधी. पण आता लोळत पडत नाही, उठून पाट घेते. महिनाभरानं 9 ते 5 आलं, 61 ठिपके. आई फोनवर आता आधी विचारते, "आज किती गं?"

गेल्या रविवारी पहिल्यांदाच 15 ते 8 काढायला बसले. 169 ठिपके. दहाव्या ओळीवर होते तेव्हा फोन वाजला. साताऱ्याचा नंबर, सकाळचे साडेसहा. हातातली ओळ पुरी केली, मग उचलला. बाबा होते. फिरायला निघाले होते आणि चपलेचा अंगठा तुटला होता.