पिकाच्या सणाचं दान: कट्टा, काटा आणि वही

गावातल्या लहान ख्रिस्ती मंडळीत पिकाच्या सणाची, म्हणजे शेतातला माल देवाला दान आणायच्या सणाची, तारीख कॅलेंडर पाहून नाही, शेत पाहून ठरवावी. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, पण तेव्हा मळणीच्या घाईत बाया उपासनेला येऊच शकत नाहीत. कापसाचा दुसरा वेचा आटोपल्यावरचा रविवार बरा. तुरीचं दान जानेवारी-फेब्रुवारीत वेगळं घ्या.

बायबलातल्या अनुवाद पुस्तकाच्या 26 व्या अध्यायात पहिलं पीक टोपलीत आणायला सांगितलंय. आपल्याकडे ते कट्ट्यात, म्हणजे पोत्यात येतं. कट्टा दारातच तोलावा, वहीत नाव, माल, वजन लिहावं, पावती हातात द्यावी. ‘मग लिहू’ म्हटलं की तिथंच भांडणाचं बी पडतं. कापूस दवाचा असेल तर ताडपत्रीवर वाळवा. ओलावा 12 टक्क्यांवर गेला तर सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर घेत नाहीत. 8 च्या वर असला तरी भाव कापतात. ओला कापूस दाबून ठेवला की पिवळा पडतो, तो वेगळाच.

दानात आलेल्या मालाचा हर्रास, म्हणजे लिलाव, उपासनेनंतर, आवारात. दानातला कोंबडा बोलीला आधी काढा, बिचारा उन्हात बांधलेला असतो. बोली पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) पुकारू नये. ज्यांना उद्या त्याच घरी प्रार्थनेला जायचंय, त्यांनी आज कोणाला भावात चढवू नये. पैसे दोघांनी मोजावे, दोघांच्या सह्या घ्याव्या.

ज्याचं पीक बुडालं, त्याच्याकडे पाळकांनी सणाआधीच जाऊन यावं. नाहीतर रिकाम्या हाताच्या लाजेनं ते घर महिनाभर देवळात दिसत नाही.