आमची वाटचाल : सिमकार्ड, झेरॉक्स आणि शिक्का

२००८ ला बार्शीत स्टँडमागच्या गल्लीत दुकान टाकलं, काउंटर भावाच्या सासऱ्यांच्या किराणा दुकानातनं उचलून आणलेलं, शोकेसमध्ये चार कव्हरं न् दोन चार्जर. बाकी सगळा धंदा रिचार्ज आणि सिमवर. रिचार्जमध्ये सुटतं काय, शंभराला दोन-तीन रुपये. खरा पैसा अ‍ॅक्टिव्हेशनला होता, टार्गेट झालं की डिस्ट्रिब्युटरकडनं स्कीम मिळायची, त्यामुळं जास्तीत जास्त सिम खपवायची एवढंच डोक्यात.

खरं सांगायचं तर तेव्हा गिऱ्हाइकाचं तोंड कोण बघत नव्हतं. फॉर्म, फोटो, झेरॉक्स, विषय संपला. झेरॉक्स तर इतकी काळी यायची की मतदान कार्डावरचा माणूस बाप आहे का पोरगा तेच कळायचं नाही. फॉर्मवर 'ओरिजिनल पाहिले' म्हणून शिक्का मारायचा असतो, तो मी रात्री शटर ओढायच्या आधी दिवसभराच्या सगळ्या फॉर्मवर एकदम मारायचो, आणि सिमं तर आधीच चालू करून गल्ल्यात ठेवलेली असायची. डिस्ट्रिब्युटरचा फिल्डवर फिरणारा पोरगा म्हणायचा, "शेठ, दोन-चार कोऱ्या फॉर्मवर पण शिक्का मारून ठेवा, बाकी मी बघतो." तो काय बघायचा ते मी कधी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

दुकानाला दोन वर्षं झाली असतील, एक दिवस दुसऱ्या जिल्ह्यातले दोन पोलीस साध्या कपड्यात आले. नंबर वाचून दाखवला, कुणाला तरी धमकीचे फोन गेलेले त्यावरनं. फॉर्मवर शिक्का आमचा, नाव आमच्याच गल्लीतल्या मास्तरांचं! मास्तरांनी आमच्याकडनं जन्मात एकच सिम घेतलेलं, ते पण मुलीला. त्यांच्या एका झेरॉक्सवर पाच सिमं निघाली होती, त्यातली चार मी केलेली नाहीत, पण शिक्का मारणारा हात माझाच होता ना. दोन दिवस चौकीच्या बाकड्यावर काढले. शेवटी मास्तर स्वतः आले, म्हणाले पोरगं बावळट आहे, चोर नाही. (बायको अजून हे वाक्य पाहुण्यांना सांगते.)

तिथनं पुढं एक ठरवलं, कार्ड हातात घेऊन माणसाच्या तोंडाशी धरून बघायचं, झेरॉक्सवर आडवी रेघ मारून तारीख आणि नंबर लिहायचा, म्हणजे ती दुसरीकडं चालणार नाही. गिऱ्हाइकं तुटली. "समोरचा तर काय विचारत नाही" हे रोज ऐकायचो. २०१२ ला सरकारनंच नियम कडक केले, आधीच चालू करून ठेवलेली सिमं विकणं बंद झालं, तेव्हा जरा बरं वाटलं.

२०१६ ला जिओ आलं आणि आधारवर अंगठा तपासायचं मशीन आलं. गर्दी बघायची होती तेव्हाची, लाइन पार हॉटेलपर्यंत! पण शेतातनं आलेल्या माणसाचा अंगठा खुरप्यानं घासून गेलेला, मशीनला काय कळत नाही, चार-चार वेळा ठेवायला लागायचा. नेमका इथंच काहींनी डाव साधला, "काका उमटला नाही, परत ठेवा" म्हणायचं आणि दुसऱ्यांदा ठेवलेल्या अंगठ्यावर दुसरं सिम काढायचं, काकांना पत्ता नाही. मी म्हणून स्क्रीन गिऱ्हाइकाकडं फिरवून ठेवायचो. सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाचा आधारचा निकाल लागला, अंगठ्यावर सिम देणं थांबलं, मशीन कपाटात गेलं, मग अ‍ॅपवर लाइव्ह फोटो सुरू झाला. त्यात पण फोटोचा फोटो काढणारे महाभाग भेटले.

आणि १ डिसेंबर २०२३ पासून काय, तर सिम विकणाऱ्या दुकानदाराचीच नोंदणी आणि पोलीस व्हेरिफिकेशन. पंधरा वर्षं लोकांचे कागद घेतले, आता माझेच कागद घेऊन मी उभा. राग नाही आला, हसू आलं. आता नवीन टेलिकॉम कायद्यात फसवून सिम काढलं तर ३ वर्षांपर्यंत जेल, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि आपल्याकडं नियमानं एका नावावर जास्तीत जास्त ९ सिमं. पुण्यातल्या भाच्याला आपलं कार्ड देऊन पाठवणाऱ्यांनी म्हणून रागवू नका, ज्याचं सिम त्यानंच यायचं.

तुमच्या नावावर किती नंबर आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फुकट बघता येतं, ओटीपी टाकला की यादी येते, आमच्याकडं आलात तर काढून देतो. परवा मास्तर आले होते, वय झालंय आता, काठी घेऊन. काढली यादी. तीन नंबर, त्यातला एक त्यांना माहीतच नाही. मास्तर चष्म्यावरनं माझ्याकडं बघायला लागले.

"मास्तर, आईशप्पथ, हा माझा नाही," म्हटलं, आणि 'हा माझा नंबर नाही' वर त्यांच्याच बोटानं क्लिक करायला लावलं.