डिलाइट, बोरघाट आणि वीतभर रबरी नळी

चढावर दम सोडण्याचा माझ्या १९६८ च्या फियाट डिलाइटचा आजार अखेर सापडला आहे, आणि तो सापडला पुण्यातल्या जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाला गेल्यामुळे. व्हेपर लॉकबद्दलच्या, म्हणजे तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटण्याबद्दलच्या, माझ्या मागच्या नोंदी ज्यांनी वाचल्या आहेत आणि त्यावर आपापले उपाय कळवले आहेत, त्या सर्वांना हा शोध तपशिलाने सांगणे मला आवश्यक वाटते. प्रदर्शनाचे वर्णन थोडक्यात आटोपले तर समजून घ्यावे, कारण या वेळी माझे निम्मे लक्ष इतरांच्या बॉनेटखाली होते.

पनवेलहून पहाटे निघून मी जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने गाडी काढली. खोपोलीपर्यंत इंजिन अतिशय गोड चालत होते. घाट सुरू झाला, गाडी दुसऱ्या गिअरवर आली आणि शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे नेहमीचे झटके सुरू झाले: आधी ओढ कमी होते, मग अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिन प्रतिसाद देत नाही, आणि शेवटी गाडी कडेला घ्यावी लागते. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या एसी कंपनीच्या पंपावर ओले फडके ठेवून काही मिनिटे थांबले की ती जणू काही झालेच नाही अशी सुरू होते आणि पुढच्या लांब चढावर पुन्हा तेच करते. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरखाली बेकेलाइटचे जाड पॅकिंग, पेट्रोलच्या नळीवर उष्णतारोधक आवरण, एक्झॉस्टच्या बाजूला पत्र्याचा आडोसा आणि पंपात नवा डायफ्राम (पेट्रोल ओढणारा लवचिक पडदा) हे सगळे उपाय झालेले असताना ही अवस्था होती. घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत, विजेवर चालणारा पंप बसवण्याचा निर्णय मी मनाशी जवळजवळ पक्का केला होता.

प्रदर्शनाच्या मैदानात शिरताना मात्र एक गोष्ट घडली, जिचे महत्त्व मला थोड्या वेळाने कळले. गाड्यांची रांग मोठी होती, ऊन चढले होते, आणि चार पावले पुढे सरकायचे आणि थांबायचे असा प्रकार बराच वेळ चालला. इंजिन चांगले तापलेले होते. तरीही डिलाइट एकदाही बंद पडली नाही, आणि तिचे आयडलिंग, म्हणजे उभ्या उभ्या संथ चालणेसुद्धा, बिघडले नाही.

माझ्या पुढेच एक डुक्कर फियाट होती, म्हणजे मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेल्या पुढच्या दारांची, १९५० च्या दशकातली फियाट ११००. पलीकडच्या ओळीत मद्रासच्या कारखान्यातली स्टँडर्ड हेराल्ड अख्खे बॉनेट पुढे कलवून उभी होती, आणि तिच्याशेजारी एका मॉरिस मायनरचा मालक दारांमधल्या खांबातून बाहेर येणारा दिशादर्शक हात लहान मुलांना दाखवत होता. कळ फिरवली की आतल्या विद्युतचुंबकाने तो अंबर रंगाचा हात टक्कन वर उचलला जातो, आत दिवा लागतो, आणि कळ सोडली की तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो. ती यंत्रणा इतकी वर्षे चालती ठेवणाऱ्या माणसाचे मला मनापासून कौतुक वाटले. पारितोषिके कोणाला मिळाली ते येथे लिहीत नाही, कारण तोवर मी मैदानाच्या कडेला एका काकांशी बोलत बसलो होतो.

हे काका मुंबईत आयुष्यभर टॅक्सींचे काम केलेले मिस्त्री आहेत. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदवलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मर्यादा संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली, तोवर या गाड्यांची इंजिने त्यांच्या हाताखालून जात होती. डिलाइट काय आणि पद्मिनी काय, १०८९ सीसीचे तेच इंजिन, त्यामुळे त्यांना वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही. मी सगळी लक्षणे सांगितल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “सिग्नलला उभी असताना बंद पडते का?”

“नाही काका. आत्ता रांगेत एवढा वेळ होतो, तरी पडली नाही. फक्त चढावर पडते.”

“मग उष्णतेच्या मागे कशाला लागलाय? उष्णता रांगेत जास्त असते. चढावर पेट्रोल जास्त लागतं. टाकीकडून येणारी नळी बघा, सक्शनची. बाहेरून नका बघू, कापून बघा.”

हे वाक्य ऐकल्यावर आतापर्यंतची सगळी लक्षणे वेगळ्या क्रमाने डोळ्यांसमोर उभी राहिली. संथ रांगेत इंजिनखान्यातून वारा जात नाही, पंखा हळू फिरतो आणि पंप व कार्ब्युरेटर सर्वाधिक तापतात. पेट्रोलची निव्वळ वाफ होऊन पुरवठा तुटत असता तर तो तेथेच तुटायला हवा होता. चढावर याच्या उलट स्थिती असते. इंजिन पूर्ण ताकद मागते, पंपाला दर मिनिटाला कितीतरी जास्त पेट्रोल ओढावे लागते आणि नळीतला शोषाचा ताण वाढतो. नळीची आतली भिंत मऊ पडलेली असेल तर ती या ताणाने आत ओढली जाते आणि मार्ग आवळते. गाडी थांबवली की ताण जातो, भिंत हळूहळू मागे सरकते, आणि थोड्या वेळाने इंजिन निमूटपणे सुरू होते.

ओल्या फडक्याने फरक का पडत असे, याचेही उत्तर यातच आहे. द्रवावरचा दाब कमी झाला की तो कमी तापमानाला उकळतो, आणि आवळलेल्या नळीच्या पुढे, पंपाच्या तोंडाशी, दाब नेहमीपेक्षा बराच खाली जातो. तेथे थोडी वाफ होत असणारच आणि फडके ती वाफ आटोक्यात आणत असणार, परंतु वाफेचे मूळ कारण तापमानात नव्हते, ते मागच्या अडथळ्यात होते. शिवाय सक्शनच्या बाजूचा बिघाड स्वतःहून दिसत नाही. पंपाच्या पुढची नळी खराब झाली की पेट्रोल ठिबकते आणि वास येतो, पण मागची नळी खराब झाली तर ती फार तर हवा आत घेते, आणि जमिनीवर एक थेंबही पडत नाही.

संध्याकाळी पुण्यातल्या एका मित्राच्या गॅरेजमध्ये गाडी उचलली. बॉडीखालून येणारा लोखंडी पाइप आणि पंप यांना जोडणारी रबरी नळी जेमतेम वीतभर लांब आहे. बाहेरून ती निर्दोष होती: भेगा नाहीत, फुगवटा नाही, क्लिपखाली चिरा नाहीत. ब्लेडने उभी कापल्यावर आतले अस्तर पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे फुगून वरच्या थरापासून सुटलेले दिसले, आणि पंपाकडच्या टोकाला त्याची एक जीभ तयार झाली होती. नखाने ती जीभ दाबली की भोक जवळपास बुजत होते आणि सोडली की सावकाश उघडत होते. मी आणि माझा मित्र बराच वेळ ते करून पाहत राहिलो. इतके दिवस छळणाऱ्या आजाराचे कारण असे हातात धरून पाहायला मिळते, तेव्हा होणारा आनंद या छंदातल्या लोकांनाच कळेल.

ही नळी जुनी नव्हती. “खास जुन्या फियाटसाठी” म्हणून एका दुकानदाराने ती भरपूर पैसे घेऊन दिली होती, आणि तिच्यावर कोणतेही मानक छापलेले नव्हते. आपल्या सर्वांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, छापील मानक नसलेली नळी कितीही जाड आणि देखणी असली तरी घेऊ नये. आता देशभर ई-२० पेट्रोल मिळते, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या पद्धतीचे रबर, बुचाची पॅकिंग आणि साध्या नायट्राइल रबराचे काही प्रकार इथेनॉलने फुगतात किंवा मऊ पडतात. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-३० मानकातली आर-६ ही कार्ब्युरेटरच्या गाड्यांसाठीची जुनी, साधी श्रेणी आहे. आर-९ नळीला सहसा फ्लुओरोइलॅस्टोमर या खास कृत्रिम रबराचे अस्तर असते, आणि ते इथेनॉलला दाद देत नाही. आर-९ ही जास्त दाबाने इंधन फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्यांसाठी बनवलेली असल्यामुळे आपल्या पंपाच्या दाबासाठी ती गरजेपेक्षा कितीतरी भक्कम आहे, परंतु आपल्याला तिचा दाब नको आहे, अस्तर हवे आहे. नाना पेठेत थोडी पायपीट केल्यावर योग्य मापाची, ठळक छपाई असलेली नळी मिळाली. क्लिपसुद्धा बदलल्या. पट्टीवर आरपार खाचा असलेल्या क्लिप नळीची कातडी कापतात, म्हणून नट-बोल्टने आवळणाऱ्या गुळगुळीत पट्टीच्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मुद्दाम जुन्या कात्रज घाटात घातली आणि बोगद्यापर्यंत न थांबता नेली. दुसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर जवळजवळ तळाला लावून, एकही झटका आला नाही. परत खाली उतरून पुन्हा वर नेली, तेव्हा ऊन चांगले तापले होते, तरी इंजिन तसेच ओढत राहिले. विजेच्या पंपाचा बेत मी तेथेच रद्द केला. कॅमशाफ्टवर चालणारा मूळ पंप या इंजिनाला पुरेसा आहे, शिवाय इंजिन बंद पडले की तो आपोआप थांबतो, आणि अपघाताच्या प्रसंगी हा गुण फार मोलाचा ठरतो.

मात्र त्या चढावर एक नवी गोष्ट ध्यानात आली. ओढ टिकून असली तरी इंजिन किंचित कोरडे, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालत होते, आणि प्लग काढून पाहिले तर ते अपेक्षेपेक्षा पांढरट निघाले. याचा हिशेब सोपा आहे. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर ई-२० ला सुमारे १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेला जवळपास ९ टक्के जास्त इंधन द्यावे लागते. सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवरचा (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्राच्या तुकड्यावरचा) आकडा म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागातला व्यास, त्यामुळे १२० च्या जागी १२५ चा जेट घातला तर छिद्राचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते. जेटचे छिद्र रीमरने मोठे करणारे लोक आहेत, पण मला ते मान्य नाही, कारण मूळ जेट एकदा गेला की गेला. एक क्रमांक मोठा जेट शोधणे हे या महिन्याचे काम ठरले आहे, आणि जुन्या बाजारात रविवारी मिळाला नाही तर बुधवारी पुन्हा जाईन.

प्रदर्शनाने आणखी एक बेत बदलला. तेथे एक डिलाइट होती, कधीच रिस्टोअर न केलेली, बोनेटवर रंग विरळ झालेली, पण आत मूळ रेक्झिन जसेच्या तसे. मालकांनी मला मोठ्या आपुलकीने पाठ टेकण्याच्या भागावरच्या शिवणींमधले अंतर मोजू दिले आणि बीडिंगचा छेद कागदावर काढून घेऊ दिला. माझ्या गाडीच्या मागच्या सीटचे मूळ कापड मी काढून टाकणार होतो, हे आपणास ठाऊक आहे. आता ते काढणार नाही. फाटलेल्या दोन पट्ट्या आतून जोड देऊन शिवायच्या आणि फक्त पुढच्या सीटला त्या मापांनी नवे काम करायचे, असे ठरले आहे. मैदानावर आरशासारख्या चकाकणाऱ्या, कारखान्यात कधीही न दिलेल्या मेटॅलिक रंगातल्या काही गाड्या होत्या आणि त्यांच्याभोवती गर्दीही होती, पण कुर्ल्याच्या कारखान्यात कामगाराने घातलेला टाका एकदा उसवला की तो कोणत्याही खर्चाने परत येत नाही, ही माझी धारणा त्या विरळ रंगाच्या डिलाइटपाशी उभे राहून अधिकच घट्ट झाली.

व्हिंटेज गाड्यांच्या ‘व्हीए’ क्रमांकाबद्दल पुष्कळांनी तेथे विचारले. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये आहे आणि मुदत १० वर्षांची. माझी डिलाइट त्यात बसते. परंतु अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसारख्या कारणांखेरीज नियमितपणे रस्त्यावर चालवता येत नाही. मला ही गाडी भाजी आणायलाही न्यायची असते, म्हणून दर पाच वर्षांनी होणारे साधे नूतनीकरणच मी चालू ठेवणार आहे.

स्टिअरिंगजवळ बसवलेल्या गिअरच्या दांड्याचे काम मात्र पूर्ण झाले, आणि त्याचे समाधान वेगळे आहे. लेथवाल्याने डेलरिन या कठीण प्लास्टिकच्या गोट्यातून काढून दिलेली बुश (दांडा घट्ट धरणारी कडी) बसवल्यापासून दांड्याचा खुळखुळाट थांबला असून, तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना आता दांडा शोधावा लागत नाही, दोन बोटांनी तो जागेवर जातो. बुशची मापे ज्यांना हवी असतील त्यांना मी आनंदाने देईन.

आता राहिली टाकीच्या तोंडाजवळची दुसरी नळी. तीसुद्धा त्याच दुकानातली आणि त्याच वेळी बसवलेली असल्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवण्याचे कारण उरलेले नाही. येत्या शनिवारी टाकी रिकामी करून उतरवीन, आउटलेटची जाळी आणि हवा आत घेण्याची नळी त्याच वेळी साफ करीन, आणि दुसरी नळी कापल्यावर आत काय निघते ते पुढच्या नोंदीत लिहीन. ज्यांच्या फियाट चढावरच अडतात आणि सिग्नलला अडत नाहीत, त्यांनी तोपर्यंत नवा पंप विकत घेऊ नये.